त्रास सोसणाऱ्या मुलाला कराटेच्या क्लासला घालावे का?

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. वर्गातली, बसमधली किंवा सोसायटीतली मोठी मुले आपल्या मुलाला ढकलतात, त्याचा डबा पळवतात, त्याला नावे ठेवतात. आणि ‘आमचा मुलगा फार भिडस्त आहे, त्याला कराटेला घातले तर तो उलट मारायला शिकेल ना?’ असे आई किंवा वडील विचारतात. मुलींचे पालकही हेच विचारतात. आपल्या लेकरावर कोणी हात टाकतो आणि त्या वेळी आपण तिथे नसतो, ही असहायता फार वाईट असते, त्यामुळे या प्रश्नामागची तळमळ मला समजते. परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत; त्याला आपण अथर्व म्हणू.

अथर्व सहावीत होता, अंगाने बारीक, उंचीने कमी म्हणून वर्गाच्या रांगेत पहिल्या दोघा-तिघांत उभा राहणारा आणि गणितात हुशार. सातवीतली तीन मुले त्याला मधल्या सुट्टीत जिन्याजवळ गाठत, ‘काडी’ म्हणून हाक मारत आणि जाता जाता खांद्याने धक्का देऊन पाडत. वडिलांनी आधी ‘दुर्लक्ष कर’ असे सांगितले, मग ‘तूही एक ठेवून दे’ असे सांगितले आणि शेवटी त्याला घराजवळच्या कराटेच्या क्लासला घातले. त्यानंतर झाले असे, की आजवर शाळेच्या दिवशी सकाळी दुखणारे त्याचे पोट आता क्लासच्या दिवशी संध्याकाळीही दुखू लागले.

वडील हताश होऊन म्हणाले, “मॅडम, याच्यात लढायची वृत्तीच नाही.”

मी त्यांना बाहेर बसायची विनंती केली आणि अथर्वला विचारले, “ते धक्का देतात तेव्हा सगळ्यांत जास्त काय लागतं?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने दप्तरातून गणिताची वही काढली आणि शेवटचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. त्या पानावर उभ्या रेघा होत्या, चार उभ्या आणि एक आडवी, अशा गठ्ठ्यांत बांधलेल्या. तो कितीदा पडला, याचा तो हिशेब होता.

“लागत नाही एवढं,” तो म्हणाला. “पण मी पडलो की सगळे हसतात. क्लासमध्येपण पडलो की हसतील.”

माझ्या दृष्टीने या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती. वडील मारण्याचा विचार करत होते आणि मुलगा पडण्याचा. वडिलांनी त्याच्यासाठी शोधलेला उपाय त्याच्या भीतीला स्पर्शच करत नव्हता, उलट त्या भीतीला आणखी एक जागा मिळवून देत होता.

मी ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले, तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास घातला. प्रसंग आणि आपली भावना यांच्या मध्ये आपण स्वतःशी बोललेले एक वाक्य असते आणि बदलाची सुरुवात त्या वाक्यापासून करता येते, असे ती सांगते. ‘पडलो आणि मुले हसली, हे मला मुळीच आवडत नाही’ हे वाक्य खरे आहे आणि निरोगीही आहे. ‘मुले हसली, आता मी संपलो’ हे वाक्य मात्र मुलाचे पाय बांधून टाकते. याचा अर्थ त्रास त्याच्या मनात होता असा कोणी घेऊ नये. त्रास जिन्याजवळ होता, खरा होता आणि तो थांबवणे हे मोठ्या माणसांचे काम होते. त्याकडे मी पुढे येतेच.

लहान मुलाला असे विचार सरळ सांगून पटत नाहीत, गोष्टीतून पटतात. मी अथर्वला जिगोरो कानो यांची गोष्ट सांगितली. कानो यांचा जन्म १८६०मध्ये जपानमधल्या कोबेजवळच्या मिकागे या गावी झाला. लहानपणीच आई वारली आणि मुलगा तोक्योला आला. तिथल्या निवासी शाळेत तो अभ्यासात पुढे होता, परंतु चणीने लहान होता, आणि तिथली दांडगी मुले त्याला छळत. दुबळ्यालाही बलवानावर मात करता येते अशी जुजुत्सू नावाची विद्या आहे, असे त्याच्या कानावर आले होते. ती शिकवा म्हणून तो मोठ्या माणसांच्या मागे लागला, पण कोणी दाद देईना. अखेर १८७७मध्ये हाडे बसवण्याचा व्यवसाय करणारे फुकुदा हाचिनोसुके हे गुरू त्याला लाभले. पुढे १८८२मध्ये त्याने तोक्योतल्या एइशोजी या देवळात बारा चटयांच्या जागेत मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन स्वतःची शाळा काढली आणि आपल्या विद्येला ज्युडो हे नाव दिले. तो ज्युडो १९६४मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये खेळला गेला.

अथर्व खुर्चीच्या टोकावर आला होता. “मग त्याने त्या मुलांना हाणलं?”

“नाही. तो शिकायला लागला, तेव्हा ती शाळा त्याने केव्हाच सोडली होती.”

“मग शिकला कशाला?”

मी उत्तर दिले नाही. प्रश्न मुलाचा असेल, तर उत्तरही त्याचेच असावे, हा माझा अनेक वर्षांचा आग्रह आहे. मी फक्त कानो यांनी मांडलेले एक गणित त्याला घातले. समोरच्याचे बळ दहा आहे आणि तुझे सात. तो ढकलतो आहे. तू सातच्या सात लावून अडवलेस, तरी मागे जाशील. पण तो ढकलतो त्याच वेळी तू तोल न जाऊ देता मागे सरलास, तर तोच पुढे झुकतो आणि तोल गेलेल्या त्या माणसाचे बळ तीनवर येते.

त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे मला निम्मंच पुरतं. साडेतीन.”

“ते ‘काडी’ म्हणतात तेव्हा तू काय म्हणतोस?”

“मी ओरडतो, मी काडी नाहीये म्हणून.”

“मग तिथे किती लावतोस?”

“सात,” तो म्हणाला, आणि माझ्या खोलीत पहिल्यांदा हसला. “सातच्या सात.”

त्या हसण्याची किंमत मला ठाऊक आहे. ज्या प्रसंगाखाली मूल इतके दिवस दबलेले होते, त्याकडे ते पहिल्यांदा बाजूला उभे राहून पाहत होते. चिडवणाऱ्याला आपली चीड हवी असते आणि ती द्यायची की नाही हे आपल्या हातात असते, हे मी त्याला किती समजावले असते तरी इतके पोहोचले नसते. ते त्याने स्वतः हिशेब करून काढले.

यानंतर क्लास बदलला, कराटेऐवजी ज्युडोचा सुरू झाला. ज्युडोत नवख्याला सर्वांत आधी शिकवतात ते पडणे, ज्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, डोके गादीवर आपटू द्यायचे नाही, पाठ गोल करायची आणि जमिनीला टेकताना हाताने गादीवर सपाटून मारायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. अनेक दिवस एवढेच चालते आणि सगळेच पडत असल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. या बदलाला घरातून पहिला पाठिंबा दिला तो आजोबांनी. ते तरुणपणी गावच्या तालमीत जात असत. “पाठीला माती लागल्याशिवाय कोणी पैलवान झालाय का?” असे ते आपल्या मुलाला म्हणाले आणि नातवाला क्लासला नेण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. वस्तादाच्या नजरेखाली पडण्याची ही शिकवण आपल्या लाल मातीतही पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे, आणि कोणाला ज्युडोऐवजी चांगल्या तालमीत किंवा मल्लखांबाला मुलाला पाठवावेसे वाटले तर माझी हरकत नसते.

काही आठवड्यांनी अथर्व आला तो थेट माझ्या सतरंजीवर लोळण घेऊनच. उठल्यावर म्हणाला, “ताई, काल किती वेळा पडलो, मोजायचं राहूनच गेलं.” मी वहीबद्दल विचारले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “तो कानो त्या मुलांसाठी शिकलाच नव्हता. त्याला आवडलं म्हणून शिकला.” आपल्याच प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले होते. सूड हा ज्या विद्येचा हेतू असतो, ती त्रास देणाऱ्याच्या ताब्यात राहते. अथर्वने ती स्वतःच्या ताब्यात आणली.

आता शाळेविषयी. नॉर्वेत संशोधन केलेले डॅन ओल्विअस यांनी दादागिरीची तीन लक्षणे सांगितली: ती जाणूनबुजून होते, पुन्हा पुन्हा होते आणि दोन बाजूंच्या बळात तफावत असते. तिसऱ्या लक्षणामुळे ती भांडणाहून वेगळी ठरते, आणि म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणणे मला मान्य नाही. दुबळी बाजू तिथे भीतीने मान डोलावते आणि बाहेर गेल्यावर तिलाच त्याची किंमत मोजावी लागते. मी अथर्वच्या वर्गशिक्षिकांना भेटले. मधल्या सुट्टीत जिन्याजवळ एक शिक्षक उभे राहतील, त्या तिघांशी आणि त्यांच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलणे होईल आणि अथर्वने तक्रार केली तर त्याला ‘चहाडखोर’ म्हटले जाणार नाही, एवढ्या तीन गोष्टी मी मागितल्या. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवून दिले, की अशा प्रसंगात बघणारी मुलेही वेगवेगळ्या भूमिका करत असतात: काही साथ देतात, काही हसून प्रोत्साहन देतात, काही बाजूला होतात आणि थोडी बचावाला येतात. वर्गशिक्षिकांनी अथर्वच्या वर्गातल्या दोन समंजस मुलांना सुट्टीत त्याच्याबरोबर राहायला सांगितले, आणि माझ्या मते निम्मे काम त्या दोघांनी केले.

मध्यंतरी एकदा जिन्याजवळ पुन्हा धक्का बसला. अथर्व पडला, उठला, बाटली उचलली आणि न ओरडता म्हणाला, “मला ढकलायचं नाही. मी सरांना सांगायला चाललोय.” आणि तो खरोखरच सरांकडे गेला. हे वाक्य आम्ही खोलीत आरशासमोर उभे राहून अनेकदा म्हटले होते, पाय जमिनीवर नीट रोवून, नजर समोर ठेवून. घरी त्याने ही हकिकत सांगितली तेव्हा वडिलांनी विचारले, “तू त्याला मारलं नाहीस?” आईने त्यांना तिथेच थांबवले. पुढच्या भेटीत वडील माझ्याशी बराच वेळ बोलले, स्वतःच्या शाळेबद्दल, आणि त्यात मारल्याच्या गोष्टी कमी आणि मार खाल्ल्याच्या जास्त होत्या.

तेव्हा कराटे, ज्युडो, तायक्वांदो यांपैकी काहीही निवडा, पण प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून पाहा. मूल चुकले की शिक्षक काय बोलतात, नवख्याला जुन्या मुलासमोर ‘भीती घालवायला’ उभे करतात का, पडायला शिकवतात का, नमस्कार किंवा वंदन नुसते उरकतात की त्याचा अर्थ सांगतात, हे पाहा. आधुनिक कराटेचे प्रणेते गिचिन फुनाकोशी यांनी घालून दिलेल्या नियमांत पहिला वार कराटेत नसतो असा एक नियम आहे. तुमच्या मुलाच्या शिक्षकांना तो माहीत आहे का, हे विचारायला संकोच करू नका. रंगीत पट्टे किती लवकर मिळतात, हा निकष ठेवू नका. मूल रडत जात असेल, तर काही महिने थांबा. आणि क्लासहून आल्यावर ‘आज कोणाला पाडलंस?’ असे विचारू नका. काय जमले आणि काय जमले नाही, ते विचारा.

दुखापत होत असेल, पैसे किंवा वस्तू उकळल्या जात असतील, अंगाला नको तसा स्पर्श होत असेल, फोनवर चित्रे फिरवली जात असतील किंवा मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर क्लासचा विचार बाजूला ठेवावा, मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेली-मानस सेवा रात्रीही उपलब्ध असते, आणि १०९८ वर मूल स्वतःही फोन करू शकते.