विचारा तर खरं : आर प्रोग्रामिंगच्या तुमच्या शंका

प्रश्न : नमस्कार ताई, मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये शेतांची क्षेत्रफळं एकर-गुंठ्यात आहेत, म्हणून आरमध्ये (आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा) 'क्षेत्र' नावाचा एस-थ्री क्लास (आकड्यांना प्रकाराचं लेबल लावायची आरची साधी पद्धत) केला. आता बेरजेचं फंक्शन वेगळं, वजाबाकीचं वेगळं, लहान-मोठं बघायचं वेगळं, असं करत करत नऊ फंक्शनं झालीत आणि सगळ्यांत तेच ते कॉपी-पेस्ट. काही सोपा मार्ग?

उत्तर : आधी शाबासकी, कारण क्लास केलात. बरेच जण २ एकर १५ गुंठे सरळ २.१५ असे टाकतात, १ एकर ३० गुंठे म्हणजे १.३०, मग बेरीज येते ३.४५ आणि तीन एकर पंचेचाळीस गुंठे असलं काहीतरी रिपोर्टात छापून येतं. तुम्ही आत सगळं गुंठ्यातच ठेवत असाल असं धरते, म्हणजे ९५ आणि ७०, बेरीज १६५, दाखवताना ४ एकर ५ गुंठे.

आता मार्ग. आरमध्ये काही फंक्शनांचे गट केलेले आहेत, त्यातला 'ऑप्स' तुमच्या कामाचा. अधिक-उणे-गुणिले-भागिले, घात, बाकी, पूर्णांक भागाकार, सहा तुलना आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' अशी सोळा चिन्हं यात येतात. 'ऑप्स डॉट क्षेत्र' नावाचं एकच फंक्शन लिहायचं (एखाद्या क्लाससाठी लिहिलेल्या अशा फंक्शनला मेथड म्हणतात) की सोळाही चिन्हं तिथेच येतात. आलेलं चिन्ह नेमकं कुठलं हे 'डॉट जेनेरिक' या व्हेरिएबलमध्ये मजकूर म्हणून मिळतं, त्यावर स्विच लावा, म्हणजे चिन्हाप्रमाणे वेगळा हिशोब. आत हिशोब करताना मात्र आधी अनक्लास करा, म्हणजे क्लासचं लेबल काढून नुसता आकडा ठेवा, नाहीतर फंक्शन स्वतःलाच बोलवत बसेल आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसाल.

नेक्स्टमेथडने (म्हणजे हिशोब आरच्या मूळ फंक्शनकडे सोपवून) दोन ओळींत काम होतं असं कोणी सांगेल, खरंय, पण गंमत बघा, गणिताच्या चिन्हांत तो क्लास तसाच चिकटून राहतो. म्हणजे क्षेत्र भागिले क्षेत्र केलं की उत्तर नुसतं गुणोत्तर हवं, पण ते पण एकर-गुंठ्यात दिसणार. म्हणून खरं काम कोड लिहिण्याचं नाहीच, काय चालेल आणि काय नाही हे ठरवायचंय. क्षेत्र अधिक क्षेत्र चालेल, क्षेत्र गुणिले २ चालेल, २ गुणिले क्षेत्र पण चाललं पाहिजे (इथे पहिला आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेली पहिली किंमत, साधा आकडा असतो हे हमखास विसरलं जातं), उणे चिन्ह एकट्यानेही येतं तेव्हा दुसरा आर्ग्युमेंट नसतोच. बाकी सगळ्याला सरळ एरर द्या. आणि क्षेत्राची तुलना कोणी मजकुरातल्या "८०" शी केली तर? अनक्लास केल्यावर आर दोन्ही मजकूर समजून तुलना करतो, मग १०० हे ८० पेक्षा लहान ठरतं! तेही अडवा.

आरचा स्वतःचा तारखेचा क्लास, 'डेट', बघा ना. 'ऑप्स डॉट डेट' मुख्यतः तुलना सांभाळतो, अधिक आणि उणेसाठी वेगळी स्वतंत्र मेथड आहे, आणि चिन्हाची स्वतःची मेथड असली की गटाच्या मेथडला कोणी विचारत नाही. तारखेतून तारीख वजा होते, पण तारीख अधिक तारीख केलं तर एरर. फॅक्टर (ठरावीक गटांची नावं ठेवणारा आरचा क्लास) जरा मऊ आहे, तो वॉर्निंग देऊन एनए (म्हणजे 'उत्तर नाही') टाकतो. मला एररच आवडतो, वॉर्निंग कोण वाचतं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे 'क्षेत्र' सारखाच एक क्लास आहे आणि 'दर' म्हणून दुसरा, गुंठ्याला किती रुपये असा. दोन्हीला ऑप्स मेथड आहे. गुणाकार केला तर इन्कॉम्पॅटिबल मेथड्स अशी वॉर्निंग येते आणि उत्तर भलतंच.

उत्तर : भलतंच म्हणजे ९५ गुंठे गुणिले ३००० चं उत्तर ७१२५ एकर असं आलं असेल. बरोबर ना? ऑप्समध्ये आर दोन्ही बाजूंच्या मेथड बघतो. एकाच बाजूला असेल तर ती, दोन्हीकडे एकच असेल तरी ती, पण दोन वेगळ्या सापडल्या तर दोघांनाही बाजूला सारून आतला साधा गुणाकार लावतो. क्लास मग पहिल्याचा चिकटतो. म्हणून २,८५,००० रुपये क्षेत्र बनून बसले.

सोपा उपाय, दोघांच्याही क्लासच्या यादीत मागे 'माप' असा एक सामाईक क्लास जोडा आणि मेथड फक्त त्याचीच लिहा, म्हणजे दोन्हीकडून तीच सापडेल. जुन्या दोन मेथड मात्र पुसून टाका, आणि सेशन नव्याने सुरू करा. आर ४.३.० पासून (२०२३) 'चूज ऑप्स मेथड' नावाची सोयही आहे, कुठली बाजू जिंकेल ते तुम्ही सांगू शकता. तारीख आणि डिफटाइमची (दोन वेळांमधल्या फरकाचा क्लास) अशीच भांडणं व्हायची, त्यांच्यासाठी आरच्या आतल्या कोडमध्येच खास सवलत लिहून ठेवलीय, आपल्याला कुठली मिळायला.

एस-फोरमध्ये (क्लास करायची आरची दुसरी, जास्त काटेकोर पद्धत) ही कटकट कमी, तिथे दोन्ही बाजूंचे क्लास मेथड लिहितानाच सांगायचे असतात आणि ऑप्सच्या पोटात अरिथ, कम्पेअर, लॉजिक असे छोटे गट मिळतात. पण एका असाइनमेंटसाठी एस-फोर नको, कंटाळा येईल.

प्रश्न : समरी गटाची (ऑप्ससारखाच फंक्शनांचा दुसरा गट) मेथड लिहिली, बेरीज आणि मॅक्स नीट चालतात, मीन (सरासरी) मात्र ऐकत नाही. का?

उत्तर : कारण मीन त्या गटात नाहीच! ऑल, एनी, सम, प्रॉड, मॅक्स, मिन, रेंज, बस एवढे सातच. मीनची वेगळी मेथड लिहा, मीडियनचीही. आणि मॅक्समध्ये आधी साधा आकडा आणि मग तुमचं क्षेत्र दिलंत तर तुमची मेथड चालणारच नाही, या गटात फक्त पहिला आर्ग्युमेंट बघितला जातो.