तारेवरची घार दिसली की आधी लाईन बंद, मग पक्षी

अरे बाळा, पक्षी वाचवायच्या कामात नवीन आहेस म्हणून सांगतो, आपल्या बेळगावात किल्ला तलावाकडं किंवा टिळकवाडीत कुठं खांबाला लटकलेली घार दिसली की लगेच बांबू घेऊन धावू नकोस, बांबू ओला असला तर तूच चिकटशील. आधी विजेच्या तक्रारीच्या 1912 नंबरला फोन लाव, लाईनमनला लाईन बंद करू दे, मगच पुढं. फोनवर कन्नड येत नसेल तर शेजारच्याला बोलायला लाव की, तिथं लाजायचं काय.

आता कारण ऐक. एका तारेवर बसलेल्या चिमणीला काय होत नाही, पण घारीचे पंख उघडले की चार-पाच फूट होतात आणि 11 केव्हीच्या (म्हणजे 11 हजार व्होल्टच्या) दोन तारा एकदम लागल्या, नाहीतर एक तार आणि खांबावरचा आडवा लोखंडी आर्म लागला की खेळ खल्लास. वटवाघळांचं पण तेच. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा खांब आधी बघत जा, तिथं तारा आणि लोखंड जवळजवळ असतं.

जिवंत मिळाला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव, चोचीत पाणी ओतू नकोस (सगळे तेच करतात!) आणि वनखात्याला कळव. वरून बरा दिसला तरी सोडायचा नाही, शॉकची जखम दोन-चार दिवसांनी काळी पडते, मी एकदा घाईनं सोडला होता, तिसऱ्या दिवशी गटारीजवळ सापडला.