मोठ्या भावाला मर्जीविरुद्ध मानसोपचार रुग्णालयात ठेवलंय, हात बांधले होते म्हणतो. किती दिवस ठेवू शकतात?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस (कलम 89). त्यापुढे ठेवायचं तर कलम 90 खाली नव्याने तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (अशा दाखल्यांवर देखरेख करणारं, याच कायद्याखालचं मंडळ) मंजुरी लागते; ती पहिल्यांदा 90 दिवसांपर्यंतच मिळते. गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय असो की मडगावचं खाजगी, नियम तोच. नुसतं घरच्यांनी आणून सोडलं, एवढं पुरत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत वेगवेगळं तपासलेलं हवं. आणि धोका हवा: स्वतःला, दुसऱ्याला, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही असा. ‘औषध घेत नाही, भांडतो’ हे कारण नव्हे.

गफलत होते ती कागदावर. भावाने स्वतः सही केली असेल तर ते कलम 86 चं ‘स्वतंत्र’ म्हणजे स्वतःच्या मर्जीने झालेलं दाखलीकरण. डिस्चार्ज मागितला की सोडायला हवं, तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. म्हणून आधी विचारा, कुठल्या कलमाखाली दाखल केलंय.

साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. इतर बांधणं फक्त तातडीचा धोका टाळायला, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि वेळ केसपेपरवर लिहून. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून नाही. ती नोंद बघायला मागा.

दाद याच पुनर्विलोकन मंडळाकडे मागायची. साध्या कागदावर भावाने किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेला माणूस) अर्ज करायचा, फी नाही. वकीलही मोफत मिळतो.