बाईंना विचारा : मोहोर बघून पेट्या मोजणं

प्रश्न : बाई, माझा मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.साठी अमेरिकेत लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात गेला. पंधरा दिवसांत अभ्यास राहिला बाजूला आणि त्यांचा तो फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा, सुरू झाला. खोलीवरचा एक जण म्हणतो, यंदा आपण बारातले नऊ सामने जिंकणार. दुसरा म्हणतो, सहाच्या वर गेलो तर नारळ फोडा. दोघांनी आपापले आकडे लिहून फ्रीजवर चिकटवलेत आणि हा मला फोनवर विचारतो, आई, मी काय लिहू? अजून एक सामना झालेला नाही, मग हे आकडे येतात कुठून? तुमची मुलगी तिकडे असते असं ऐकलं, म्हणून विचारते. — एक आई, वेंगुर्ले

उत्तर : लिंकनमध्ये राहून फुटबॉल टाळणं म्हणजे देवगडात राहून मे महिन्यात आंबा टाळणं. तिथलं मेमोरियल स्टेडियम 1962 पासून घरच्या प्रत्येक सामन्याला भरलेलं आहे, अशी त्यांची नोंद सांगते. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. मला ते पहिल्यापासून आवडलं. आपल्याकडे कुणा संघाने ‘नारळ सोलणारे’ असं नाव लावून घेतलं असतं का? लगेच सिंह, वाघ, नाहीतर छावे.

आता आकडे. ते मोहोरावरून येतात. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी बागेत येतो, मान वर करून कलमाकलमाखाली फिरतो आणि खंडाचा आकडा सांगतो. झाडावर तेव्हा कैरीचा पत्ता नसतो. तरी तो गेल्या वर्षी या कलमाने किती दिलं ते विचारतो, कारण हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. पालवी कधी आली, मोहोर कितपत, हे बघतो. तिकडचे जाणकारही हेच करतात. ईएसपीएनचे बिल कॉनेली ‘एसपी प्लस’ नावाचं गणित मांडतात, त्यात हंगामाआधी तीन गोष्टी धरतात : गेल्या वर्षी ज्यांनी खेळ केला त्यांतले किती परत आले, शाळांतून नवी पोरं कोणत्या दर्जाची घेतली, आणि मागची काही वर्षं संघ कसा खेळला.

त्यावरून प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता काढतात आणि बेरीज करतात. तुम्हीही वहीत मांडा. सामने 12. समजा 3 सोपे, तिथे दहात नऊ वेळा जिंकू. 5 सामन्यांत थोडे वरचढ, दहात सहा. 4 अवघड, दहात तीन. बेरीज झाली 2.7 अधिक 3 अधिक 1.2, म्हणजे 6.9. छापून येताना त्याचे ‘सात विजय’ होतात आणि माणसं तो सात डोक्यात धरून बसतात. पण हेच गणित पुढे नेलं तर नेमके सात विजय मिळण्याची शक्यता जेमतेम चारात एक. सहा ते आठच्या मध्ये कुठेतरी, ही शक्यता तीनात दोन. नऊ किंवा जास्त? सातात एक. म्हणजे नऊ लिहिणारा पोरगा वेडा नाही आणि सहा लिहिणारा रडका नाही.

हे मी दहावीच्या पोरांना आयुष्यभर शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरले. ती गोष्ट सांगतेच, नाहीतर जावई हा अंक वाचून हसतील.

2021 च्या हंगामात नेब्रास्काने 3 सामने जिंकले आणि 9 हरले. पण हरले कसे बघा. नऊच्या नऊ वेळा दहापेक्षा कमी गुणांनी. सर्वांत मोठी हार ओहायो स्टेटकडून, तीसुद्धा 26-17. वर्षभराची बेरीज केली तर त्यांनी केलेले गुण त्यांच्यावर झालेल्या गुणांपेक्षा जास्त! गणिताच्या बाईला यात दुसरं काय दिसणार? थोडक्यातले सामने म्हणजे छापा-काटा. यंदा नऊ वेळा काटा पडला, पुढच्या वर्षी चार-पाच वेळा तरी छापा पडेल. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘किमान आठ.’ जावयांनी उत्तर दिलं, ‘आई, पाचाच्या वर जात नाहीत.’ पैज लागली पहिल्या तोडीच्या पाच डझनांच्या पेटीची.

27 ऑगस्ट 2022, शनिवार. पहिला सामना नॉर्थवेस्टर्नशी, आणि तोही आयर्लंडमध्ये, डब्लिनला. आपल्याकडे रात्रीचे दहा. गणपती चार दिवसांवर आलेले, पडवीत माटवीची चौकट धुऊन टेकवून ठेवलेली, आणि मी करंज्यांचं सारण परतत फोन डब्याला टेकवून सामना बघतेय. नॉर्थवेस्टर्न म्हणजे तोच संघ, ज्याला आदल्या वर्षी नेब्रास्काने 56-7 असा धुतला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नेब्रास्का 28-17 पुढे. मी गॅस बारीक केला, म्हटलं, पेटी वाचली.

तेवढ्यात त्यांचे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काय सुचावं? गुण मिळवल्यावर चेंडू लाथ मारून लांब समोरच्यांकडे पाठवायचा असतो. यांनी मुद्दाम आखूड मारायला लावला, म्हणजे आपलीच पोरं धावून उचलतील. याला ऑनसाइड किक म्हणतात. दहा यार्ड गेलेला चेंडू कुणीही उचलावा. तो उचलला नॉर्थवेस्टर्नने. मग त्यांनी दोन टचडाऊन केले, म्हणजे चेंडू दोनदा समोरच्यांच्या टोकापार नेला, आणि सामना 31-28 असा नेला. सारण खाली लागलं ते मला वासावरून कळलं.

नॉर्थवेस्टर्नने त्या अख्ख्या हंगामात तो एकच सामना जिंकला, बाकीचे अकराही हरले. फ्रॉस्ट यांना तिसऱ्या सामन्यानंतर घरी पाठवलं. 1997 सालच्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, हाच माणूस, पण मुरवत ठेवली नाही कुणी. नेब्रास्का शेवटी 4 जिंकले, 8 हरले. एप्रिलमध्ये पेटी घेऊन मीच एसटी स्टँडवर गेले आणि जावयांच्या आईवडिलांकडे कुडाळला पाठवली. जावयांनी फोन करून ‘आंबा गोड होता असं बाबा म्हणाले’ एवढंच सांगितलं. माणूस सभ्य आहे.

बेरजेत माझी चूक नव्हती. थोडक्यात हरणं म्हणजे फुटकं नशीब, हे मी न तपासता धरलं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण एखादा संघ थोडक्यात हरतो, कारण शेवटच्या दहा मिनिटांत काय करायचं हे त्याला उमगत नाही. हापूसात साका असतो ना, तसं. फळ वरून पिवळंधमक, देठाशी हिरवटपणा नाही, घरभर वास. कापलं की कोयीला लागून पांढरट, फोपसा, आंबूस गर. तो मोहोरात दिसत नाही, पेटीतही दिसत नाही. सुरी घातल्यावर दिसतो. माझ्या बागेत फवारणीला येणारा गडी मला दरवर्षी सांगतो, “बाई, मोहोर बघान पेटये मोजू नकात,” आणि मी दरवर्षी मोजते.

आणखी एक. पूर्वी कॉलेज बदललं तर खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 पासून पहिल्या बदलीपुरती ती अट गेली, पुढे उरलेलीही सैल झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे मिळवायची मुभा आली. ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाच्या यादीत नाव घालायचं की निघाले दुसरीकडे. त्यामुळे गेल्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ यांच्यात कधीकधी शर्टाचा रंगच तेवढा सारखा असतो. म्हणून मुलाला सांगा, क्वार्टरबॅक कोण हे सगळेच विचारतात, तू त्याच्या पुढे उभी असणारी पाच जणांची फळी बघ. त्यातले गेल्या वर्षी एकत्र खेळलेले किती? ती धड नसेल तर मागचा कितीही गुणी असो, पाठीवरच पडणार. आणि अवघड सामने घरी आहेत की परगावी, तेही बघ.

फ्रीजवर त्याने ‘सहा ते आठ’ लिहावं. खोलीवरचे दोघेही चिडतील, चिडू देत. सहा हा आकडा तसाही महत्त्वाचा. सहा विजय झाले की हंगाम संपल्यावर ‘बाउल’ नावाचा एक जादा सामना मिळतो. नेब्रास्काला तो 2016 नंतर थेट 2024 मध्ये मिळाला.

प्रश्न : हंगामाआधी ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेची अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या पंचवीस संघांची यादी येते. तिला काही अर्थ असतो का? — एक अभियंता, रत्नागिरी

उत्तर : पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असतं, त्याला जेवढा अर्थ, तेवढा. आत आंबा कुठलाही असो, पहिले आठ दिवस भाव देवगडचा मिळतो. ही क्रमवारी 1936 पासून आहे आणि हंगामाआधीची यादी 1950 पासून. त्या पहिल्याच यादीत नोत्र दाम विद्यापीठ पहिल्या क्रमांकावर होतं. हंगाम संपला तेव्हा 4 विजय, 4 हार, 1 बरोबरी. सुरुवातच अशी!

2007 साली मिशिगन पाचव्या क्रमांकावर होतं. 1 सप्टेंबरला घरच्या मैदानावर, लाखावर माणसांसमोर, त्यांना अ‍ॅपलाचियन स्टेटने 34-32 हरवलं. तो खालच्या गटातला संघ, सरावापुरता बोलावलेला. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक त्यांनी हवेतच अडवली. 2024 साली फ्लोरिडा स्टेट दहाव्या क्रमांकावर होतं, हंगामात 2 जिंकले, 10 हरले. त्यांचाही पहिला पराभव डब्लिनलाच. तिथली हवा कुणाकुणाला बाधते, देव जाणे.

उलटंही घडतं. त्याच 2024 मध्ये बिग टेन गटातल्या पत्रकारांनी इंडियानाला 18 संघांत सतरावं बसवलं होतं. आदल्या वर्षी ते 9 सामने हरले होते, म्हणजे पत्रकारांचंही फार चुकलं म्हणवत नाही. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, आपल्या जुन्या कॉलेजातले काही खेळाडू बरोबर घेऊन आले, आणि संघ 11 सामने जिंकून बाद फेरीत गेला. पुढच्या हंगामात सोळाच्या सोळा जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. झाड मुळापासून नवं लावलं असेल, तर गेल्या वर्षीच्या पेट्या मोजून काय कळणार?

तुम्ही यादी जरूर वाचा. पण तिचा खरा उपयोग डिसेंबरात असतो. कात्रण जपून ठेवा आणि तेव्हा ताडून बघा.

प्रश्न : कोकणातल्या मासिकात अमेरिकेच्या खेळावर पानं खर्ची घालायचं कारण काय? — एक जुना वर्गणीदार, गुहागर

उत्तर : तुमचा नातू शार्लटला असतो आणि रविवारी पहाटे पाचला तुम्ही त्याच्याबरोबर फोनवर सामना बघता, हे तुम्हीच गेल्या दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं. पत्र मी ठेवलंय.

प्रश्न : बाई, आमच्या कॉलेजचा कबड्डी संघ यंदा तगडा आहे. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी नोटीस बोर्डावर भाकीत लावायचं ठरलंय. ‘विजेतेपद नक्की’ लिहू का? — टी.वाय.चा विद्यार्थी, कणकवली

उत्तर : ‘नक्की’ खोड आधी. अमेरिकेतल्या पोरांना एक हरलं तरी अकरा सामने उरतात. तुमची बाद फेरी, एक हरलं की बॅग भरा. समजा तुम्ही प्रत्येक संघापेक्षा सरस आहात, दहात सात वेळा जिंकाल असे. चार फेऱ्या सलग जिंकायच्या तर 0.7 चार वेळा गुणून बघ. 0.24 येतं. म्हणजे सगळ्यांत तगडा संघसुद्धा चारात तीन वेळा मोकळ्या हाताने परत येतो. यात प्रशिक्षकाला शिव्या घालण्यासारखं काही नाही.

आणि तगडा म्हणजे काय, हे तू लिहिलेलंच नाहीस. चढाईला जाणारा एक उंच पोरगा आहे एवढ्यावर तगडा म्हणतोस का? गेल्या वर्षीचे दोन्ही कोपरे पास होऊन गेले की आहेत? डावा कोपरा नवा असेल तर पहिल्या दोन सामन्यांत बोनस खिरापतीसारखे वाटले जातील. तुमचे सराव सामने गावच्या मातीवर होतात आणि स्पर्धा मॅटवर, की दोन्हीकडे मॅट? मातीवर पाय रोवून पकड करणारे मॅटवर घसरलेले मी शाळेत असताना चिकार पाहिलेत. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची एटीकेटी राहिलीय, हेही लिहून काढ. एटीकेटीवाला परीक्षेच्या दिवशी हमखास गायब असतो.

गेल्या वर्षीच्या सामन्यांचे गुणतक्ते जिमखान्यात असतील तर शेवटच्या पाच मिनिटांचे गुण वेगळे मोज. पाच मिनिटं राहिली असताना पुढे असून हरलेले सामने किती? दोनापेक्षा जास्त निघाले तर बोर्डावर काही लावू नका, आधी मला तक्ते पाठवा. झेरॉक्स चालेल. पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर गडद काढून घे, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.