बायबल ॲप करतोयस? आधी परवाना बघ
कल्पना झकास आहे, कर सुरू. पण ॲपचा कोड मुक्त (कुणीही वापरावा असा) ठेवलास म्हणून आतलं भाषांतर मुक्त होत नाही. नवखे नेमके इथेच आपटतात. सुरुवातीला वर्ल्ड इंग्लिश बायबल घे, त्याच्या मजकुरावर कुणाचाच कॉपीराइट नाही. मराठीसाठी प्रकाशकाकडून लेखी परवानगी घे.

मग एवढंच:
- यूएसएफएम फाइल (बायबलचा मजकूर खुणा घालून ठेवायचा प्रकार) एकदाच वाचून एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये भर. जुन्या-नव्या दोन्ही करारांत मिळून ३१ हजारांवर वचनं आहेत. ॲप उघडताना दर वेळी फाइल पार्स करत (फोडून वाचत) बसू नकोस.
- वचनांचे क्रमांक सगळीकडे सारखे धरू नकोस. स्तोत्र ५१ इंग्रजीत १९ वचनांचं, हिब्रूत २१ चं, कारण तिथे शीर्षकही मोजतात.
- नेटशिवाय चाललंच पाहिजे.

ऑडिओ, सिंक, टिपा नंतर बघू. आधी जुन्या, स्वस्त फोनवर अक्षर मोठं करून स्तोत्र ११९ सरकवून बघ, तेच सगळ्यात लांब. अडखळलं तर लॉग (ॲपची आपोआप होणारी नोंद) टाक इथे.