पिझ्झ्याचे पैसे कोणी दिले?

प्रश्न : जगात बिटकॉइन देऊन झालेली पहिली खरेदी पिझ्झ्याची होती, असे वाचनात आले. २०१० साली एखाद्या दुकानदाराने असले चलन स्वीकारले तरी कसे? पुढे रोजच्या वस्तू त्यात खरोखर मिळू लागल्या का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराने ते स्वीकारलेच नव्हते. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे राहणारे प्रोग्रामर लास्लो हॅन्येझ यांनी १८ मे २०१० रोजी जाहीर केले, की जो कोणी दोन मोठे पिझ्झे स्वतः करून किंवा मागवून आपल्या घरी पोहोचते करील, त्याला आपण १०,००० बिटकॉइन देऊ. चार दिवसांनी कॅलिफोर्नियातील एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने ‘पापा जॉन्स’चे पिझ्झे त्यांच्या पत्त्यावर मागवले आणि ठरलेले बिटकॉइन आपल्याकडे घेतले. दुकानाच्या गल्ल्यात डॉलरच पडले. त्या बिटकॉइनची तेव्हाची किंमत सुमारे ४१ डॉलर होती, त्यामुळे हॅन्येझ यांना आज उधळे म्हणून हसणे अन्यायाचे वाटते. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ठेवण्यासाठी जो आपला संगणक राबवतो, त्याला मोबदला म्हणून नवी बिटकॉइन मिळतात; ग्राफिक्स कार्डाच्या (संगणकातील चित्रे दाखवणाऱ्या वेगवान भागाच्या) साहाय्याने ते तेव्हा रोज हजारो बिटकॉइन अशी मिळवत असत. तेवढे मिळेनासे झाल्यावर, ऑगस्टमध्ये, त्यांनी ही देवघेव थांबवली.

विक्रेत्याने स्वतः बिटकॉइन घेतल्याची उदाहरणे २०११ पासून दिसतात. मॅसॅच्युसेट्समधील एक शेतकरी अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचे मोजे बिटकॉइन घेऊन विकू लागला, तर बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागातील ‘रूम ७७’मध्ये बिअर मिळू लागली. मात्र व्यवहाराची नोंद पक्की होण्यास सरासरी दहा मिनिटे लागतात (तेवढ्यात ग्लास रिकामाही होतो), आणि भाव इतका हेलकावे खाई, की सकाळच्या विक्रीतला नफा संध्याकाळपर्यंत टिकेलच, याचा भरवसा नसे. ही जोखीम दुकानदारावरून उतरवण्यासाठी त्याच वर्षी अमेरिकेत ‘बिटपे’ ही कंपनी निघाली. ग्राहकाने बिटकॉइन द्यावे आणि दुकानदाराच्या बँक खात्यात डॉलर जमा व्हावेत, अशी तिची सोय होती. कॅलिफोर्नियातल्या त्या तरुणाचेच काम आता कंपनी करू लागली, असे म्हणता येईल. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्लॉग व संकेतस्थळे चालवण्याची सेवा देणाऱ्या ‘वर्डप्रेस’ने आणि जानेवारी २०१४ मध्ये घरगुती वस्तू विकणाऱ्या ‘ओव्हरस्टॉक’ने बिटकॉइन घेण्यास सुरुवात केली, तीही अशाच मध्यस्थांमार्फत.

म्हणजे वस्तू मिळू लागल्या, पण खर्च करणारे फार वाढले नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका बिटकॉइनचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. त्या दराने हॅन्येझ यांचे दोन पिझ्झे एक कोटी डॉलरचे ठरत होते, आणि हा हिशेब ज्याने एकदा मांडला, तो मोज्यांसाठी डॉलरच पुढे करू लागला.