सहा वर्षं सांभाळलेली मुलगी तिची आई परत मागते आहे

प्रश्न : बालकल्याण समितीच्या आदेशाने सहा वर्षांपूर्वी एक मुलगी फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दत्तक न घेता सांभाळण्यासाठी, आमच्या घरी आली. तेव्हा ती पाच वर्षांची होती, आज अकराची आहे. तिला वडील नाहीत. आई मानसिक आजारामुळे दीर्घकाळ उपचार घेत होती. आता ती बरी आहे आणि मुलीला परत मिळण्यासाठी तिने समितीकडे अर्ज केला आहे. आई भेटून गेली की त्या रात्री पोर दप्तर उशाशी घेऊन झोपते. आमचा तिच्यावर काहीच हक्क नाही का? एक नातेवाईक म्हणतात, आईला काही रक्कम देऊन नोटरीसमोर दत्तकपत्र करून घ्या. भेटी बंद करता येतील का? मुलगी गेलीच, तर आम्ही सहा वर्षं केलं ते काय?

उत्तर : ताई, ऐकायला जड जाईल ते आधी सांगते. फॉस्टर केअरमध्ये मुलाला सांभाळण्याची जबाबदारी तुमच्याकडे येते, पालकत्व येत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार मुलाला त्याचे आईवडील ठरावीक काळाने भेटू शकतात आणि ते सांभाळायला योग्य आहेत असं समितीने ठरवलं, की मूल त्यांच्या घरी परत जाऊ शकतं. दत्तक देण्याजोगं मूल दीर्घकाळच्या फॉस्टर केअरमध्ये देऊ नये, असंही हेच कलम सांगतं. ही मुलगी तुमच्याकडे आली ती तिची आई आहे म्हणूनच. त्यामुळे ‘सहा वर्षं आम्ही वाढवलं, म्हणून मुलगी आमची’ हा मुद्दा समितीपुढे मांडू नका. तो टिकणार नाही, आणि आईशी भांडणारे लोक अशी तुमची प्रतिमा मात्र होईल.

पण ‘योग्य आहेत असं समितीने ठरवलं’ या शब्दांतच तुम्हाला जागा आहे. आई बरी होऊन घरी आली एवढ्याने ते ठरत नाही. तिच्या घराची ताजी सामाजिक चौकशी व्हावी, तिच्या डॉक्टरांचं मत यावं, आजार उलटला तर मुलीजवळ कोण असेल हे कागदावर यावं, अशी लेखी विनंती करा. मुलाचं सर्वोत्तम हित आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेणं ही दोन्ही तत्त्वं कलम 3 मध्ये आहेत. तेव्हा मुलीचं म्हणणं समितीने आई नसताना आणि तुम्हीही नसताना ऐकावं, असंही अर्जात लिहा. मात्र आजार होता एवढ्यावरून आईला अपात्र ठरवा, असं म्हणू नका. ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. उपचार घेऊन बरी झालेली बाई आपल्या लेकराला मागते आहे, यात तिचं काहीच चुकलेलं नाही.

या मुलीबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे, ते आज आईलाही ठाऊक नाही आणि समितीलाही नाही. तीच तुमची खरी ताकद. शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची आणि औषधांची नोंद, समुपदेशकाकडच्या भेटी हे सगळं तारखेनुसार लावून ठेवा. आजपासून एक वही घाला. तिच्यात ‘आई आली की मुलगी घाबरते’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला भेट झाली, त्या रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपली, सकाळी डबा न खाता परत आणला’ असं लिहा. दप्तर उशाशी घेण्यामागे इथून नेतील ही भीती असेल, किंवा आईकडे जायची ओढही असेल. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. त्याचा अर्थ समुपदेशकाला लावू द्या. मुलीला मात्र ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असं विचारू नका. अकरा वर्षांच्या जिवावर ते ओझं टाकायचं नाही.

भेटी तुम्ही परस्पर बंद करू शकत नाही. त्या मुलीच्या हिताच्या नाहीत असं वाटलं, तर कारणं नोंदवून त्या थांबवण्याचा अधिकार समितीचा आहे. तुम्ही समुपदेशकाच्या उपस्थितीत भेट व्हावी एवढं मागू शकता. भेटीच्या दिवशी दाराला कुलूप लावून बाहेर गेलात, तर सहा वर्षांची विश्वासार्हता एका दिवसात जाईल.

नोटरीचा विचार पूर्ण सोडा. पैसे देऊन मूल घेणं हा कलम 81 खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. समितीच्या आदेशाखालच्या मुलीबाबत असा कागद करणं म्हणजे तिलाही गमावणं. दत्तकाचा मार्ग एकच : मुलगी आधी कायद्याने दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक देण्यासाठी मोकळी, व्हायला हवी. त्यासाठी आईने समितीसमोर स्वतःहून हक्क सोडावा लागतो, आणि कलम 35 नुसार तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते झालं, तरच फॉस्टर कुटुंब म्हणून तुमचा विचार होईल. केंद्र सरकारच्या फॉस्टर केअरविषयीच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत यासाठीचा सांभाळाचा काळ पाचवरून दोन वर्षांवर आणला आहे. पण आई मुलगी मागते आहे, म्हणून आज ते दार बंद आहे. तिला त्यासाठी गळ घालू नका.

निर्णय विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील करता येतं. कलम 101 नुसार समितीच्या इतर आदेशांवरचं अपील बाल न्यायालयात जातं, पण फॉस्टर केअरबाबतचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. चुकीच्या ठिकाणी अर्ज करून मुदत घालवू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ताप आला की रात्री कुणीतरी उठतं, ‘येतो’ म्हणालेला माणूस खरंच येतो, चूक केली तरी घरातून काढत नाहीत, हे पाच वर्षांची असताना आलेल्या पोरीला तुमच्या घरात कळलं. आईकडे गेली तरी ते तिच्याबरोबर जाईल, आणि आईवर पुन्हा विश्वास टाकणं तिला जमलं तर ते त्यामुळेच जमेल. तुम्हाला होणारं दुःख मी कमी लेखत नाही. जीव लावायचा आणि हक्क सांगायचा नाही, हे या कामातलं सर्वांत अवघड आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्याकडे अशी मुलं मोकळेपणी वाढत नाहीत.

म्हणून अर्जात दुसरी, पर्यायी मागणीही जरूर घाला : परत पाठवायचंच ठरलं तर टप्प्याटप्प्याने पाठवावं. आधी सुट्टीचे दिवस, मग मोठी सुट्टी, शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये. तुमच्याशी फोन आणि भेटी चालू राहाव्यात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पुढे काही काळ पाहणी करावी. आईलाही यात सामील करून घ्या. तुम्ही तिच्या विरोधात नाही हे तिला पटलं, तर संपर्क टिकण्याची शक्यता कुठल्याही आदेशाने मिळेल त्याहून जास्त आहे.

फॉस्टर मूल कायद्याने तुमचं वारस होत नाही. तिच्यासाठी काही ठेवायचं असेल, तर दोन साक्षीदारांसह मृत्युपत्र करा. ती कुठेही राहत असली तरी ते चालतं. समाजमाध्यमांवर तिचा फोटो असेल तर आजच काढा, कारण कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. आणि समितीच्या मूळ आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागवा. त्यात मुदत काय आहे आणि ती शेवटची कधी वाढवली, हे सुनावणीआधी तुमच्या वकिलाने पाहिलेलं असायला हवं.